पीडीएफमध्ये मजकूर घालायचा तर: जागा, फॉन्ट आणि देवनागरी

पीडीएफ उघडायची, हव्या त्या ओळीवर क्लिक करायचं आणि टाइप करायला लागायचं, असं आपल्याला वाटतं. होत मात्र तसं नाही. कधी कर्सरच येत नाही. कधी येतो, पण एक शब्द वाढवला की ओळ समासाबाहेर जाते, नाहीतर नवं अक्षर शेजारच्या अक्षरांत मिसळतच नाही. मजकूर मराठी असेल तर वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरं फुटतात. मग माणूस सॉफ्टवेअर बदलून पाहतो, आणि तिथेही तेच होतं. बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरचा नसतो. या कामाचे तीन-चार वेगळे मार्ग आहेत आणि आपण त्यातला चुकीचा धरलेला असतो.

पानाच्या आत काय असतं हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. अ‍ॅडोबीने १९९३ मध्ये पीडीएफ आणली ती पान कुठल्याही संगणकावर आणि कुठल्याही प्रिंटरवर जसंच्या तसं दिसावं म्हणून. २००८ मध्ये आयएसओ ३२००० या नावाने ते खुलं मानक झालं. ‘जसंच्या तसं’ साधण्यासाठी पानात ओळी आणि परिच्छेद ठेवण्याऐवजी सूचना ठेवल्या जातात: अमुक फॉन्ट घे, अमुक आकार लाव, पानाच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यापासून इतक्या अंतरावर जा आणि ही अक्षरचित्रं काढ. अंतर पॉइंटमध्ये मोजतात, इंचाचे ७२ पॉइंट. म्हणजे ए-४ पान साधारण ५९५ बाय ८४२ पॉइंटांचं. या ओळीनंतर ती ओळ येते, शब्द वाढला तर पुढचे खाली सरकवायचे, अशी माहिती त्या सूचनांमध्ये नसते. संपादक सॉफ्टवेअर अक्षरांच्या जागा पाहून ‘हा परिच्छेद असावा’ असा अंदाज बांधतं आणि भोवती चौकट आखतं. अंदाज बरोबर आला तर काम सुरळीत, चुकला तर ओळीवर ओळ चढते.

म्हणून पहिला सल्ला कंटाळवाणा वाटेल, तरी तोच सगळ्यात मोलाचा आहे. मूळ वर्ड, रायटर (लिबरऑफिस या मोफत संचातला) किंवा इनडिझाइनची फाईल मिळत असेल तर पीडीएफला हातच लावू नका. मूळ फाईलमध्ये बदल करा आणि नवी पीडीएफ काढा. पुढचं सगळं ती फाईल हाताशी नसेल तेव्हासाठी.

आधी फाईलची परीक्षा

दोन मिनिटं लागतात आणि तासभराची झटापट वाचते. फाईलची प्रत करा आणि प्रत उघडा. ही सवय मॅकच्या प्रिव्ह्यूमध्ये जास्तच गरजेची, कारण तो बदल आपोआप मूळ फाईलमध्येच साठवत जातो.

आता पानावरची एखादी ओळ माउसने निवडून पाहा. अक्षरं निवडली गेली तर खरा मजकूर आहे. ओळीऐवजी आडवा-तिडवा चौकोन पडत असेल किंवा काहीच निवडलं जात नसेल, तर ते स्कॅन, म्हणजे पानाचा फोटो. तिसरी शक्यताही असते: मजकूर निवडता येतो, पण पान खूप मोठं करून पाहिलं की अक्षरांच्या कडा फोटोसारख्या फुटतात. याचा अर्थ स्कॅनवर ओसीआर केलेलं आहे, म्हणजे सॉफ्टवेअरने फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवला आहे. दिसतो तो फोटो, निवडला जातो तो त्यावर पसरलेला अदृश्य मजकूर. अशा फाईलमध्ये अदृश्य मजकूर बदलून दिसणारं पान बदलत नाही, आणि ‘मी बदललं तरी तेच दिसतंय’ ही तक्रार बहुधा इथलीच असते.

मग अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल+डी दाबा. गुणधर्मांची खिडकी उघडते. तिच्यातल्या ‘सिक्युरिटी’च्या पानावर बदल करायला परवानगी आहे की नाही ते दिसतं. परवानगी नसेल तर फाईल बनवणाऱ्याकडे मागा. ‘फॉन्ट्स’च्या पानावर फाईलमधले फॉन्ट नावानिशी दिसतात आणि नावापुढे बहुधा ‘एम्बेडेड सबसेट’ असं लिहिलेलं असतं. हे दोन शब्द महत्त्वाचे. एम्बेडेड म्हणजे फॉन्ट फाईलच्या आतच भरलेला आहे. सबसेट म्हणजे फाईल हलकी राहावी म्हणून फॉन्टमधली फक्त वापरलेली अक्षरंच आत भरलेली आहेत. मूळ मजकुरात ‘ठ’ कुठेच नसेल तर फाईलमधल्या फॉन्टात ‘ठ’ नाहीच. तुम्ही ‘ठिकाण’ टाइप केलंत की सॉफ्टवेअर तुमच्या संगणकावर तोच फॉन्ट शोधतं आणि नसेल तर दुसराच लावतं. एकाच शब्दातलं एक अक्षर जाड आणि बाकीची बारीक दिसतात ती यामुळे. उपाय सरळ आहे. इथलं फॉन्टचं नाव टिपून घ्या आणि काम सुरू करण्यापूर्वी तो पूर्ण फॉन्ट संगणकावर बसवा. मिळत नसेल तर त्याच्या जवळचा कुठला घ्यायचा हे तुम्ही ठरवा, सॉफ्टवेअरवर सोडू नका.

शेवटी, फाईलवर डिजिटल सही आहे का ते बघा. असेल तर आतला मजकूर बदलताच सही अवैध दाखवली जाते, आणि ते बरोबरच आहे. सही करणाऱ्याने ठेवलेल्या परवानगीनुसार कधी फॉर्म भरता येतो, कधी शेरे लिहिता येतात. त्यापलीकडे काही करायचं तर आधी मजकूर दुरुस्त करून मग पुन्हा सही घ्यायची.

फॉर्म भरायचा आहे की वरून लिहायचं आहे?

दहातली बरीच कामं इथेच संपतात. नाव, तारीख, पत्ता, ‘मान्य’ असा शेरा, यासाठी पानाच्या आतल्या सूचना उकरायची गरज नसते.

फॉर्ममध्ये भरण्याजोगे रकाने असतील तर रीडरमध्ये ते फिकट निळसर दिसतात (हा रंग छापला जात नाही). तिथे थेट टाइप करायचं. रकान्याचा फॉन्ट आणि आकार फॉर्म बनवणाऱ्याने ठरवलेला असतो. आकार ‘ऑटो’वर ठेवलेला असेल तर एका रकान्यात अक्षरं ठळक मोठी आणि शेजारच्या लांब पत्त्यात मुंगीएवढी येतात, तुमचं काही चुकलेलं नसतं. स्वतः फॉर्म बनवत असाल तर मात्र ‘ऑटो’ टाळा. ठरावीक आकार द्या आणि पत्त्याच्या रकान्याला ‘मल्टी-लाइन’ लावा.

रकाने नसतील तर वरून लिहायचं. मोफत साधनं भरपूर आहेत.

फायरफॉक्समध्ये २०२२ च्या १०६ व्या आवृत्तीपासून ही सोय आहे. पीडीएफ उघडली की वर उजवीकडे मजकुराचं बटण दिसतं. ते दाबा, पानावर हव्या त्या जागी क्लिक करा, लिहा. रंग आणि आकार बदलता येतो, फॉन्ट निवडता येत नाही. झालं की बाणाच्या बटणाने फाईल उतरवून घ्या, नाहीतर टॅब बंद करताच लिहिलेलं गेलं.

अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये ‘फिल अँड साइन’ निवडून पानावर क्लिक केलं की छोटी चौकट येते आणि तिच्यावर लहान-मोठ्या ‘ए’ची बटणं. फॉन्ट इथेही बदलत नाही. पण एक सोय फारच कामाची आहे. छापील फॉर्मवर एकेका अक्षरासाठी खणांची रांग असते ना, तिच्यासाठी याच चौकटीत अक्षरं समान अंतरावर पसरवायचा पर्याय मिळतो. तो निवडून चौकटीची उजवी कड ओढली की प्रत्येक अंक आपापल्या खणात जाऊन बसतो. स्पेसबार दाबदाबून जमवू पाहणाऱ्यांनी एकदा हे करून बघावं.

फॉन्ट स्वतः निवडायचा असेल तर मॅकवर प्रिव्ह्यूमध्ये ‘टूल्स’, ‘अ‍ॅनोटेट’, ‘टेक्स्ट’. लिनक्सवर ओक्युलरमधलं ‘टाइपरायटर’. विंडोजवर फॉक्सिट रीडर किंवा पीडीएफ-एक्सचेंज एडिटरमधलं याच नावाचं टूल. पीडीएफ-एक्सचेंजच्या मोफत आवृत्तीत काही सशुल्क कामं करूही दिली जातात, पण पानावर शिक्का उमटतो. टूल वापरण्याआधी ते कुठल्या गटात मोडतं ते बघा.

असं वरून लिहिलेलं तांत्रिकदृष्ट्या ‘अ‍ॅनोटेशन’ असतं, पानाच्या मजकुरापासून वेगळं. फायदा असा की ते केव्हाही हलवता किंवा पुसता येतं. तोटाही तोच: समोरचाही ते हलवू शकतो. शिवाय अ‍ॅक्रोबॅटच्या प्रिंटच्या खिडकीत ‘कॉमेंट्स अँड फॉर्म्स’खाली नुसतं ‘डॉक्युमेंट’ निवडलेलं असेल तर शेरे छापलेच जात नाहीत. तिथे ‘डॉक्युमेंट अँड मार्कअप्स’ हवं. लिहिलेलं पानावर कायमचं बसवायचं तर त्याला ‘फ्लॅटन’ करणं म्हणतात. त्यासाठी खास टूल नसेल तर प्रिंटरच्या यादीतून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडून पुन्हा पीडीएफ काढा. दुवे आणि भरता येणारे रकाने त्यात नाहीसे होतात, तेवढं लक्षात ठेवा.

पानाच्या आतला मजकूर बदलताना

छापील चूक दुरुस्त करायची आहे, परिच्छेदात ओळ घालायची आहे, शीर्षक बदलायचं आहे, आणि ते मूळचंच वाटलं पाहिजे, तर खरं संपादन करावं लागतं. यासाठी अ‍ॅक्रोबॅटची सशुल्क आवृत्ती, फॉक्सिट पीडीएफ एडिटर असे संपादक आहेत. सगळ्यांत पावलं जवळपास सारखीच, म्हणून अ‍ॅक्रोबॅट धरून सांगतो.

१. ‘एडिट पीडीएफ’ निवडा. मजकुराभोवती पातळ चौकटी दिसतील. टाइप करण्याआधी त्या नीट बघा, कारण सॉफ्टवेअरचा अंदाज इथेच उघडा पडतो. दोन स्तंभ एकाच चौकटीत आले असतील किंवा एका परिच्छेदाच्या चार चौकटी झाल्या असतील, तर मोठा बदल तिथे करू नका. एका शब्दाची अदलाबदल तेवढी चालेल.

२. जुन्या मजकुरात बदल करायचा तर त्यावर क्लिक करून लिहा. संपूर्ण ओळ पुसून पुन्हा लिहू नका. चुकीच्या शब्दातलं एक अक्षर मागे ठेवा, त्याच्या शेजारी नवा शब्द लिहा, मग ते उरलेलं अक्षर काढा. नव्या अक्षरांना शेजारच्याचा फॉन्ट, आकार, रंग आपसूक मिळतो.

३. नवीन मजकूर हवा असेल तर ‘अ‍ॅड टेक्स्ट’. क्लिक करून सुटी ओळ लिहिता येते. माउस ओढून चौकट आखली तर त्या रुंदीत ओळी आपोआप मोडतात. एका ओळीपेक्षा जास्त असेल तर चौकटच आखा.

४. फॉन्ट, आकार, रंग, ओळींतलं अंतर, संरेखन, अक्षरांतलं अंतर, सगळं बाजूच्या पट्टीत मिळतं. आधी मजकूर निवडायचा, मग बदल करायचा.

५. चौकट हलवायची तर तिची कड पकडा. अगदी थोडं सरकवायला कीबोर्डचे बाण वापरा, माउसने ते जमत नाही.

चौकटीतला मजकूर वाढला तर चौकट खाली वाढते, पण तिच्याखालची चौकट सरकत नाही. पुढच्या पानावर मजकूर वाहून जाणं तर विसराच. तीन ओळींची भर घालायची असेल तर खालच्या सगळ्या चौकटी एकत्र निवडून हाताने खाली घ्याव्या लागतात आणि पानाच्या तळाशी तेवढी जागा असावी लागते. नसेल तर कात्री चालवून मजकूरच आटोपता करणं बरं.

पैसे न देता हे करायचं तर लिबरऑफिस ड्रॉ. पीडीएफ त्यात थेट उघडते, मात्र बऱ्याचदा प्रत्येक ओळ सुटी चौकट होऊन येते. परिच्छेदाच्या सगळ्या ओळी निवडून ‘शेप’ मेनूतलं ‘कन्सॉलिडेट टेक्स्ट’ वापरलं की त्यांची एक चौकट होते. मग संपादन सुसह्य होतं. फॉन्ट संगणकावर नसेल तर ड्रॉ दुसरा लावतो आणि पानाची घडी विस्कटते, म्हणून वर सांगितलेली फॉन्टची परीक्षा इथे टाळू नका. काम झालं की ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज पीडीएफ’. पाच-दहा साध्या पानांसाठी ड्रॉ उत्तम. आकृत्या आणि कोष्टकांनी भरलेल्या दोनशे पानी अहवालासाठी मी तो सुचवणार नाही.

वर्ड २०१३ पासून पीडीएफ उघडतो हेही खरं. पण तो पीडीएफचं रूपांतर करतो. मजकूर हाती लागतो, पान तसंच राहील याची हमी नाही. मजकूर नव्याने वापरायचा असेल तरच हा मार्ग.

नवं-जुनं एकजीव दिसण्यासाठी

घातलेली ओळ चटकन ओळखू येते ती बहुधा फॉन्टमुळे नव्हे, तर ओळींतलं अंतर, काळेपणा आणि पायारेषा (अक्षरं जिच्यावर बसतात ती रेषा) जुळत नसल्यामुळे.

आकारापासून सुरुवात करू. संपादकात जुनी ओळ निवडली की आकार कळतो आणि तो कधीकधी १०.९८ असा विचित्र असतो. पान बनताना किंचित लहान-मोठं झालेलं असतं. १०.९८ असेल तर १०.९८च लिहा, ११ करू नका. एका शब्दात फरक कळणार नाही, पूर्ण ओळीत शेवटचं अक्षर समासाबाहेर डोकावतं.

ओळींतलं अंतर संपादक सांगत नसेल तर मोजा. पहिल्या ओळीच्या पायापासून अकराव्या ओळीच्या पायापर्यंतचं अंतर घ्या आणि दहाने भागा. समजा ६० मिलिमीटर आलं, तर एका ओळीला ६ मिलिमीटर, म्हणजे १७ पॉइंट. एकाच ओळीचं मोजमाप घेतलं तर माउसची थरथरसुद्धा आकड्यात येते. दहा ओळींत ती विरून जाते. देवनागरीला रोमनपेक्षा जास्त अंतर लागतं, कारण वर रफार आणि मात्रा, खाली उकार असतात. रोमनसाठी अक्षराच्या आकाराच्या १.२ पट चालतं. देवनागरीला दीडपटीच्या आसपास द्यावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

पायारेषा जुळली का हे बघायला पान ४०० टक्के मोठं करा. देवनागरीत शिरोरेषेचा फार उपयोग होतो: नव्या शब्दाची शिरोरेषा शेजारच्या शब्दाच्या शिरोरेषेशी सरळ रेषेत आली की काम झालं. अर्ध्या पॉइंटाचा फरकसुद्धा इथे डोळ्यांना खुपतो.

रंगाचं म्हणाल, तर काळा दिसतो म्हणून तो शुद्ध काळा असेलच असं नाही. पुष्कळ कागदपत्रांत मजकूर गडद करडा असतो. संपादकात रंग उचलायचा ड्रॉपर असेल तर तो वापरा. छापखान्यात जाणारी फाईल असेल तर काळा मजकूर फक्त काळ्या शाईचा आहे ना, हे छापणाऱ्याला विचारून घ्या. आरजीबीतला, म्हणजे पडद्यासाठीच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतला काळा छापण्याच्या चार शाईंत फुटला की बारीक अक्षरांच्या कडा रंगीत दिसू लागतात.

ठळक अक्षरांसाठी फॉन्टचं खरं ‘बोल्ड’ वळण निवडा. ते नसताना ‘बी’चं बटण दाबलं तर काही संपादक अक्षराला नुसती जाड कड काढतात आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांच्यातल्या पोकळ्या बुजतात. तिरप्या अक्षरांबद्दल माझं मत विचाराल तर देवनागरीत ती टाळाच. बहुतेक फॉन्टांत वेगळं तिरपं वळण नसतं, सॉफ्टवेअर उभी अक्षरं तिरकी ढकलतं. जोर द्यायला ठळक अक्षर किंवा अवतरणचिन्ह पुरतं. आणि जागा कमी पडते म्हणून अक्षरांतलं अंतर घटवायचं असेल तर तेही देवनागरीत जपून करा. अंतर वाढवलं तर शिरोरेषा तुटते, कमी केलं तर अक्षरं एकमेकांवर चढतात.

मराठी मजकुराचा वेगळा हिशेब

इथे थोडं थांबायला हवं, कारण इंग्रजी पीडीएफसाठी लिहिलेला कुठलाही सल्ला इथवर येऊन अडतो.

युनिकोडमध्ये (सगळ्या भाषांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात) ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ साठवला जातो, मग वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी आधी. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’, ‘वर्ष’मधला रफार, ‘क्ष’, ‘त्कृ’ ही चित्रं साठवलेल्या अक्षरांवरून ऐन वेळी घडवली जातात. हे घडवणारा भाग वर्ड, रायटर, ब्राउझर यांच्यात पक्का असतो. पीडीएफ संपादकांत तो असतोच असं नाही. नसेल तर अक्षरं साठवलेल्या क्रमाने एकामागे एक ठेवली जातात: वेलांटी उजवीकडे, हलन्ताचा पाय मोडलेला, रफाराच्या जागी सुटा ‘र्’. आणि फॉन्टात देवनागरीच नसेल तर कोरे चौकोन. पीडीएफच्या मानकातले नेहमीचे १४ फॉन्ट, टाइम्स, हेल्व्हेटिका, कुरियर यांची वळणं आणि चिन्हांचे दोन, यांपैकी एकातही देवनागरी नाही. फॉर्मच्या रकान्यात मराठी लिहिलं की गायब होण्याचं हे एक नेहमीचं कारण.

म्हणून कुठलाही संपादक हाती घेतला की आधी त्याला एक ओळ लिहायला लावा: ‘दुसऱ्या वर्षीच्या प्रशिक्षणार्थींची उत्कृष्ट कृती’. ही ओळ धड उमटली तर बाकी मराठी सहसा धड उमटते. मंगल, निर्मला यूआय, नोटो सॅन्स देवनागरी असा युनिकोड फॉन्ट निवडूनच ही परीक्षा घ्या. फाईल सेव्ह करून, बंद करून, पुन्हा उघडून पाहा. काही ठिकाणी टाइप करताना ओळ नीट दिसते आणि सेव्ह झाल्यावर फुटते.

जुन्या मराठी पीडीएफची गोष्ट आणखी वेगळी. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत देवनागरी चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. अशा पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांचा कचरा चिकटतो. त्या फॉन्टात युनिकोड मराठी टाइप होणारच नाही. एक तर तोच फॉन्ट आणि त्याचा कळफलक वापरून लिहा, किंवा तो अख्खा परिच्छेद युनिकोडमध्ये नव्याने लिहून जुन्याच्या जागी ठेवा. एकाच ओळीत दोन्हींची सरमिसळ करू नका.

संपादक परीक्षेत नापास झाला तर काय? माझ्या मते मराठीसाठी सगळ्यात खात्रीचा मार्ग हा आहे: मजकूर पीडीएफ संपादकात लिहायचाच नाही. तो दुसरीकडे घडवायचा आणि पानावर पारदर्शक कागद ठेवावा तसा वरून अंथरायचा.

लिबरऑफिस ड्रॉमध्ये कोरं चित्र उघडा आणि पानाचा आकार मूळ पीडीएफएवढाच ठेवा (कंट्रोल+डीच्या खिडकीत तो मिळतो). पानाला पार्श्वभूमीचा रंग देऊ नका. मूळ पानावर मजकूर डावीकडून आणि वरून किती मिलिमीटरवर हवा ते मोजा. अ‍ॅक्रोबॅटमध्ये कंट्रोल+आरने पट्ट्या दिसतात. ड्रॉमध्ये मजकुराची चौकट काढा, एफ४ दाबा आणि जागेचे तेच आकडे भरा. मराठी लिहा, फॉन्ट आणि आकार लावा. फॉन्ट बदलूनही देवनागरीवर परिणाम होत नसेल तर ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’मधल्या भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची खूण करा. मग अक्षरांच्या खिडकीत रोमनसाठी आणि देवनागरीसाठी फॉन्टच्या वेगवेगळ्या जागा दिसतात. आधी तुम्ही रोमनचा फॉन्ट बदलत होता. एक पानाची पीडीएफ काढा.

आता ही पीडीएफ मूळ पानावर ठेवायची. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये ‘वॉटरमार्क’ निवडा, स्रोत म्हणून मजकुराऐवजी फाईल द्या, आकार १०० टक्के, अपारदर्शकता १०० टक्के, मूळ पानाच्या वरचा थर (खालचा नव्हे), आणि ज्या पानावर हवं तेवढाच पानक्रमांक. मोफत हवं तर क्यूपीडीएफ या कमांड-लाइन (आज्ञा टाइप करून चालवायच्या) साधनात ‘ओव्हरले’चा आणि पीडीएफटीकेमध्ये ‘स्टॅम्प’चा पर्याय आहे. जोडाक्षरं रायटर-ड्रॉच्या पक्क्या यंत्रणेने घडवलेली असतात, फॉन्ट सोबत आलेला असतो, आणि मजकूर मजकूरच राहतो, चित्र होत नाही. जागा दोन मिलिमीटरने चुकली तर ड्रॉमध्ये आकडा बदलून पुन्हा अंथरायचं. मूळ पानाला धक्का लागत नाही.

एका पानाचं शोभिवंत काम असेल, प्रमाणपत्र वगैरे, तर इंकस्केपही चांगलं. मराठी नीट घडवतं आणि सेव्ह करताना ‘मजकुराच्या रेषा करा’ असा पर्याय देतं. त्याने अक्षरं कुठेही फुटत नाहीत, पण ती मजकूरही राहत नाहीत. शोधता किंवा कॉपी करता येत नाहीत.

झाकलेलं पुसलं जात नाही

जुन्या मजकुरावर पांढरा चौकोन टाकून त्यावर नवं लिहिणं ही सर्रास चालणारी युक्ती. दिसायला ठीक, पण खालचा मजकूर फाईलमध्ये जसाच्या तसा असतो. चौकोनावरून माउस ओढून कॉपी केलं की बाहेर येतो. काळ्या चौकोनाचंही तेच. खातेक्रमांक, पत्ता अशी गोष्ट खरोखर काढायची तर ‘रिडॅक्ट’ हे टूल लागतं. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये ते आहे आणि लिबरऑफिसमध्ये ६.३ आवृत्तीपासून ‘टूल्स’ मेनूत आहे. लिबरऑफिस पानांची चित्रं करून देतं, त्यामुळे मजकूर शोधता येत नाही, पण झाकलेलंही सापडत नाही. नुसता खोडून सेव्ह केलेला मजकूरही काही वेळा फाईलच्या पोटात उरतो, कारण साध्या ‘सेव्ह’मध्ये बदल फाईलच्या शेवटी जोडले जातात आणि जुनं मागे राहू शकतं. ‘सेव्ह अ‍ॅज’ने फाईल नव्याने लिहिली जाते. फाईलचा आकारही त्याने अनेकदा घटतो.

स्कॅन केलेलं पान असेल तर

वरून लिहिण्याला अडचण नाही, फक्त तुमची ओळ स्कॅनच्या धूसर अक्षरांपुढे फार टोकदार दिसेल. रंग किंचित करडा घेतला की डोळ्यांना कमी खुपते. आतला मजकूर बदलायचा तर आधी ओसीआर हवं; त्यासाठी ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) आसपासचं सरळ स्कॅन लागतं. टेसरॅक्ट या मोफत इंजिनात मराठी भाषा आहे आणि ओसीआरमायपीडीएफ हे साधन ते वापरून पीडीएफवर अदृश्य मजकूर चढवतं. शोधण्यासाठी ते छान. पण पानभर दुरुस्त्या असतील तर ओसीआरचा मजकूर रायटरमध्ये घेऊन, तपासून, पान नव्याने मांडणंच लवकर होतं.

पाठवण्याआधी

फाईल ज्या सॉफ्टवेअरमध्ये केली त्यातच तपासू नका. दुसऱ्या दोन ठिकाणी उघडा, एक ब्राउझर आणि एक फोन. संपादकात दिसणारा फॉन्ट तुमच्या संगणकावरून उचललेला असू शकतो. फोनवर तो नसतो आणि तिथे खरं काय ते कळतं. कंट्रोल+डी दाबून नव्या फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’ आलंय का पाहा. नवी ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरीत काना-मात्रा थोड्या मागेपुढे झाल्या तर तो पीडीएफचा जुना आजार आहे, छापील पानाला त्याने काही होत नाही. पण फाईल संकेतस्थळावर टाकायची असेल किंवा कोणी ती स्क्रीन रीडरने ऐकणार असेल, तर ओळ व्यवस्थित चिकटली पाहिजे. चिकटत नसेल तर अंथरण्याचा मार्ग पुन्हा धरा, या वेळी ड्रॉमध्ये दुसरा युनिकोड फॉन्ट घेऊन.

एक पान कागदावर छापून बघा. आणि ड्रॉमधली ती एक पानाची मूळ फाईल पीडीएफच्या शेजारीच, त्याच नावाने ठेवा. तारीख किंवा नाव पुन्हा बदलायची वेळ आली तर पट्टी लावून मोजण्यापासून सुरुवात करावी लागत नाही.